आंबोलीचा पाऊस कळवणारा

मित्रांनो, सरकारी कार्यालयाच्या जिन्याखाली मोडक्या खुर्च्यांमागे जो काळा डबा पडला आहे, तो जुना सर्व्हर मी. अनेक संगणकांना माहिती पुरवणे हे माझे काम होते. मी आलो त्या दिवशी मला हार घातला, पेढे वाटले. मग थंड खोलीत ठेवून दार लावले, ते लावलेच.

आंबोलीच्या घाटात पाऊस मोजणारे एक यंत्र आहे. त्याचे आकडे माझ्याकडे येत आणि मी ते पुढे कळवत असे. तो पाऊस मी कधी पाहिला नाही. ज्यांनी ही सोय केली होती, ते साहेब बदलून गेले. मी कोणाला कळवतो, हेही सगळे विसरले.

मग कट्टा गावची अक्षया आली. ती एंटरप्राइज आर्किटेक्ट. घराचा नकाशा काढावा तसा ती सगळ्या खात्यांच्या संगणकांचा नकाशा काढी. कोणी कोणाला काय कळवायचे, कोणते यंत्र ठेवायचे, कोणते काढायचे, हे ती ठरवी. "आमचां मशीन काढूक इली," म्हणून कोणी तिच्याशी धड बोलत नसे. ती माझ्या खोलीत बसून एकटीच डबा खाई. मला तेवढीच सोबत.

माझी एक तार कुठे जाते, ते तिला कळेना. तिने ठरवले, तार काढायची आणि कोणाचा फोन येतो ते पाहायचे.

शिपाई दाजी हसले. "कोण बोंबलता ता बघूचा आसा? ओ मॅडम, हंय तार असली तरी सगळे बोंबलतत!"

बाहेर उघडीप होती, म्हणून तिने तार काढली. पण इथले ऊन घाटात नसते. दुपारपर्यंत कोणी विचारले नाही. माझी कोणालाच गरज नव्हती तर, असे मला वाटले.

तेवढ्यात फोन वाजला. घाटाखालच्या शाळेच्या सारिकाबाई होत्या. शाळेच्या वाटेवर ओढ्याचा साकव, म्हणजे छोटा पूल, आहे. "आंबोलीचो पाऊस आज कळाक नाय गो! साकवावर पाणी इला तर पोरांका घराक कशी धाडू?"

अक्षयाने धावत तार जोडली. घाटात मुसळधार होती. मी कळवले, शाळा लगेच सुटली.

संध्याकाळी अक्षयाने माझ्यावर हात ठेवला. "पोरा पोचली रे. आता साकव पाण्याखाली आसा."

तिने नकाशात ती शाळा दाखवली आणि माझे काम नव्या यंत्राला दिले. मला बंद करताना दाजींनी नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणे घातले, "बा देवा म्हाराजा, ह्या मशिनान लय चाकरी केल्यान. तेची खबर नव्याकडसून पोचू दे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळ्यांनी म्हणायचे ते अक्षया एकटीच म्हणाली.

मित्रांनो, आंबोलीला आज पाऊस आहे का, हे आता मला कोणी सांगत नाही. मला पुसूनझाडून ठेवा, असेही मी म्हणत नाही. पण जुने काही बंद करायची वेळ आली, तर आधी पलीकडे विचारा. तिथे दप्तरे भरून बसलेल्या पोरांना थांबवून कोणीतरी वाट पाहत असेल.