एकच वळण राहिलं होतं

मित्रांनो, मी एक जुना डोंगरी बूट आहे. डाव्या पायाचा. उजवा माझ्या शेजारीच आहे, पण तो पहिल्यापासून अबोल. तेव्हा दोघांची कहाणी मलाच सांगावी लागणार.

जाड तपकिरी कातडं, पितळी कड्या, लाल नाड्या आणि खाली दातेरी तळवा अशा रुबाबात आम्ही दुकानाच्या काचेत उभे होतो. आम्हाला विकत घेतलं एका बेकरीवाल्यांनी. सुट्टी कशाशी खातात हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांची भट्टी कधी विझतच नसे. पण त्या वर्षी भट्टीच्या विटा झिजल्या, नव्या बसवायला गवंड्याने तीन दिवस मागितले आणि मालकांना आयुष्यात पहिल्यांदा सुट्टी मिळाली. मालकीणबाई लगेच म्हणाल्या, "चला, डोंगरातली ती घळ बघून येऊ."

काय सांगू त्या घळीबद्दल! दोन्ही बाजूंना उभे कडे आणि मधून दिसणारी आभाळाची अरुंद पट्टी. वाट कड्याच्या पोटात खोदलेली, समोरून कोणी आलं तर अंग चोरून उभं राहावं लागे. हाताला लोखंडी साखळी आणि खाली, फार खाली, फेसाळतं पाणी. ओल्या कातळावर मी घट्ट पाय रोवत होतो. मालक म्हणाले, "बूट एक नंबर आहेत हां!" त्या शब्दांनी माझ्या नाड्यासुद्धा ताठ झाल्या.

घळीच्या टोकाला धबधबा होता. झुलता पूल ओलांडला तेव्हा पाण्याचा आवाज माझ्या तळव्यापर्यंत पोचला. समोर एकच वळण होतं आणि तिथेच मालकांनी घड्याळ पाहिलं.

"चल, मागे फिरू. शेवटची बस चुकेल."

"अहो, एकच वळण राहिलंय!"

"उद्या भट्टी पेटवायचीये. पुढच्या वेळी नक्की."

परतीच्या वाटेवर मालकीणबाई चार वेळा मागे वळल्या. मलाही वळायचं होतं, पण बुटाला स्वतःची वाट कुठे असते?

घरी आल्यावर मालकांनी आम्हाला पुसलं, पोटात कागद कोंबले आणि खोक्यात घालून माळ्यावर ठेवलं. "पुढच्या वेळेसाठी," ते म्हणाले. मित्रांनो, ही पुढची वेळ यायला अकरा वर्षं लागली. कधी मालकीणबाई म्हणत, "रविवारी टेकडीवर तरी घालून जा." मालकांचं उत्तर ठरलेलं होतं, "नको, चांगले बूट आहेत, खराब होतील." त्यांचं आमच्यावर प्रेम होतं, यात शंका नाही. पण अंधारात पडल्या पडल्या मला तो पाण्याचा आवाज आठवे आणि जीव कासावीस होई. मालकीणबाईंचे साधे कापडी बूट मात्र रोज बाजार पाहत होते. त्यांचा मला हेवा वाटे.

मग एकदा पुन्हा विटा झिजल्या. पुन्हा गवंडी आला, पुन्हा तीन दिवस मिळाले. आम्ही खोक्यातून निघालो ते नव्यासारखे चकचकीत! तीच घळ, तीच साखळी, तोच पूल. पूल ओलांडला, पाण्याचा आवाज आला आणि माझा तळवा सुटला. मालकांनी पाय उचलला, तळवा खालीच राहिला. तीन पावलांत उजव्यानेही मान टाकली. आमच्यातला मऊ थर पडून पडून भुगा झाला होता.

मालक दगडावर बसले. केस पांढरे झालेले, हातात तुटका तळवा. त्यांनी घड्याळ पाहिलं. मग मालकीणबाईंकडे पाहिलं. मालकांनी नाड्या सोडल्या, आम्हाला दगडावर ठेवलं आणि उठले.

"अहो, अनवाणी? आणि बस?"

"जाऊ दे बस. एक दिवस पाव नाही मिळाला तर गाव काही उपाशी मरत नाही. हात दे."

एकमेकांचा हात धरून ते वळणाआड गेले. आम्ही दगडावर राहिलो, नुसता आवाज ऐकत. बऱ्याच वेळाने ते नखशिखांत भिजून, पोरांसारखे हसत परत आले. मालकांनी मला उचललं तेव्हा त्यांच्या केसांतलं पाणी माझ्यात ठिबकलं. धबधबा मला भेटला तो एवढाच.

जोडे शिवणाऱ्या मामांनी आम्हाला नवे तळवे लावले. ते म्हणाले, "साहेब, हे वापरून नाही, न वापरून गेले." तेव्हापासून मालक आम्हाला रोज बेकरीत घालतात. अंगावर पीठ उडतं, टाचा झिजतात, आणि मी खूश आहे.

मित्रांनो, माझं एक ऐका. तुमच्या माळ्यावर, कपाटात 'पुढच्या वेळेसाठी' जे काही ठेवलं असेल, ते आज खाली काढा. वस्तू वापरल्याने मळते, पण मळ पुसता येतो. आता मालक दर वर्षी तीन दिवस भट्टी विझवून घळीत जायचं म्हणतात. ते बोलले की मी कान देऊन ऐकतो. कारण ते वळण मी अजून पाहिलेलं नाही.