पदवीधर होण्याआधी

बारावीची बोर्डाची परीक्षा अजून व्हायची होती, आणि शाळेने मुलांना पदवीधर करून टाकायचं ठरवलं होतं. निरोपसमारंभ तसा दरवर्षी व्हायचा. मुली आयांच्या साड्या नेसायच्या, मुलं बापाचे ब्लेझर घालायची, समोसा-पेस्ट्री खाऊन, थोडं रडून घरी जायची. यंदा नवे प्राचार्य आले आणि त्याची 'ग्रॅज्युएशन सेरेमनी' झाली. काळे झगे, चौकोनी टोप्या. आईबापांनी स्टेजवर यायचं, आपल्या मुलाच्या डोक्यावर टोपी ठेवायची आणि फोटोसाठी हसायचं.

वसुधा बोकारेला हे सगळं भिकार वाटत होतं. तरी ती पालकांच्या समितीत होती, कारण तिची मुलगी मृणाल शाळेची हेड गर्ल होती, आणि हेड गर्लच्या आईला नाही म्हणता येत नाही.

समितीची प्रमुख संपदा देशकर. तिच्या नवऱ्याचे कोचिंग क्लासेस होते आणि शहरभर हिंदी होर्डिंगवर त्याचा चेहरा होता. पहिली मीटिंग तिच्या अरेरा कॉलनीतल्या बंगल्यात झाली. स्टेजमागे थर्माकोलचे खांब उभे करायचे की फुग्यांची कमान, यावर शिकलेसवरलेले लोक तासभर भांडले. एका बापाचं म्हणणं, आपल्याकडे ढोल असलाच पाहिजे. दुसऱ्याचं म्हणणं, ढोलने विदेशी फील जाईल. वसुधा काजूकतली खात सगळ्यांकडे बघत होती. दर माणसागणिक तिचं मत आणखी पक्कं होत होतं.

"वसुधा, झग्यांचं तुम्ही बघा," संपदा म्हणाली. "तुम्ही ना, एकदम सेन्सिबल आहात."

झगे अशोका गार्डनमध्ये मिळाले. फॅन्सी ड्रेस आणि रामलीलेचे कपडे भाड्याने देणारं दुकान होतं. दुकानदाराने माळ्यावरून वकिलांच्या काळ्या झग्यांचं गाठोडं खाली ओढलं, धूळ झटकली आणि म्हणाला, "मॅडम, गले पर पीला पट्टा टँकवा देंगे, डिग्रीवाला हो जाएगा." वसुधाला हा माणूस समितीपेक्षा बरा वाटला. निदान आपण काय विकतोय ते त्याला माहीत होतं.

घरी, शिवाजी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये, त्या संध्याकाळी तिने नवऱ्याला सगळं नकला करून दाखवलं. जितेंद्र हसला, पण अर्धवट. तो सरकारी खात्यात इंजिनिअर होता, आणि मुलीच्या डोक्यावर टोपी ठेवायच्या कल्पनेने मनातून हरखला होता. नमुन्याची एक टोपी वसुधाने आणली होती. ती त्याने सोफ्यावरच्या उशीवर ठेवून पाहिली, मग जरा तिरकी करून पाहिली.

"पोरगी एकदाच बारावी होते," तो म्हणाला.

"अजून झालेली नाही," वसुधा म्हणाली.

मृणाल जेवताना हसत होती. आईच्या नकला तिला लहानपणापासून आवडायच्या. संपदाकाकूंचा आवाज तर ती आईपेक्षा चांगला काढायची.

दुसऱ्या मीटिंगमध्ये संपदाने सांगितलं की प्री-बोर्डाच्या सराव परीक्षेत जे नापास झालेत त्यांना झगा मिळणार नाही. त्यांनी युनिफॉर्ममध्ये यायचं आणि खाली बसून टाळ्या वाजवायच्या.

"शाळेचा निर्णय आहे," ती म्हणाली. "काही स्टँडर्ड तो पाहिजे ना."

सगळ्यांनी माना हलवल्या. ढोलवाल्या बापाने सगळ्यात जोरात हलवली. त्याचा मुलगा दोन मार्कांनी वाचला होता.

नापासांमध्ये अबोली होती. अबोली आणि मृणाल पहिलीपासून एका बाकावर. अबोलीचे वडील गोविंदराव कारखान्यात टेक्निशियन, घर आनंद नगरला. वसुधाला अबोलीची फार दया आली असं नाही. तिला संपदाच्या तोंडावरचं ते समाधान सहन झालं नाही. एक जास्तीचा झगा गुपचूप अबोलीला द्यायचा, ती ऐनवेळी तो घालून रांगेत उभी राहील, आणि समितीचं तोंड बघण्यासारखं होईल, एवढाच तिचा बेत होता. तो तिला इतका आवडला की शनिवारी सकाळीच ती गाडी काढून आनंद नगरला गेली.

दार अबोलीच्या आईने, अलकाने उघडलं. तिला आनंद झाला, आणि जरा भीतीही वाटली असावी, कारण इतक्या वर्षांत वसुधा कधी घरात आली नव्हती. मृणालला सोडायला यायची तेव्हा गाडीतूनच हात करायची. अलकाने खुर्चीवरचे वाळलेले कपडे उचलले, चहा टाकते म्हणाली.

"नको, आत्ताच घेऊन निघाले," वसुधा म्हणाली. ते खरं नव्हतं.

अबोली आतून आली. केसांना तेल, हातात फिजिक्सचं पुस्तक, बोट पानात अडकवलेलं. वसुधाने पिशवीतून झगा काढला आणि बेत सांगितला. अबोलीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग झग्याची बाही हातात घेऊन पाहिली.

"काकू, हा वकिलांचा आहे ना?"

"हो. पट्टा नवीन लावलाय."

"मग मला नको. माझी केस तर मी हरलेय."

अलका म्हणाली, "अगं, काकू एवढ्या प्रेमाने..."

"आई, थांब जरा." अबोलीने झगा नीट घडी करून परत पिशवीत ठेवला. "काकू, तुम्ही मृणालशी बोललात?"

"तिच्याशी काय बोलायचं? संपदाचे उद्योग आहेत हे."

अबोलीने आईकडे पाहिलं, मग वसुधाकडे. "संपदाकाकूंचे नाहीत. प्रिन्सिपल सरांनी हेड बॉय आणि हेड गर्लला बोलावून पूछा था, झगा सगळ्यांना द्यायचा का. मृणाल म्हणाली, सगळ्यांना दिला तर त्याला अर्थ काय राहिला. सरांना पटलं. तिने मला स्वतः सांगितलं हे. मागून नाही बोलली. तेवढं मानायला पाहिजे."

वसुधाने पिशवी परत हातात घेतली. अलका जमिनीकडे बघत होती. अबोलीने पुस्तक उचलून परत त्याच पानात बोट अडकवलं होतं. हे संपलं की तिला परत आत जायचं होतं, हे स्पष्ट दिसत होतं.

घरी मृणाल डायनिंग टेबलवर स्टेजवरच्या भाषणाची तयारी करत होती. वसुधाने पिशवी खुर्चीवर टाकली.

"झग्याचा नियम तू काढलास?"

"काढला नाही. मत विचारलं, मी दिलं."

"अबोली नापास आहे हे माहीत असताना?"

"तिच्यासाठी वेगळं मत द्यायचं का मग? आई, ती अभ्यास नाही करत. मी किती वेळा म्हटलं माझ्याबरोबर बस. वो बैठती ही नहीं. आणि वर्षाच्या शेवटी सगळे सारखे?"

"संपदासारखी बोलतेस."

मृणालने पेन खाली ठेवलं. ती चिडली नव्हती, आणि वसुधाला तेच जड गेलं.

"तू मला शिकवू नकोस ना यातलं. दिवाळीला अलकाकाकू फराळाचा डबा पाठवतात. तू तो उघडतही नाहीस. तसाच्या तसा कामवाल्या मावशींना देतेस. डालड्याचा असणार म्हणतेस. मी पहिलीत असल्यापासून बघतेय. अबोलीला विचारायची मी, तुझ्या आईच्या चकल्या कशा असतात, कारण मला कधी मिळाल्याच नाहीत."

"त्याचा इथे काय संबंध?"

"नसेल. मला वाटलं, आहे." मृणालने कागद उचलले आणि खोलीत गेली.

जितेंद्र दारात उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. "जाऊ दे," तो म्हणाला, "समारंभ होऊ दे आधी." वसुधाने त्याच्याकडे असं पाहिलं की तो पाणी प्यायला निघून गेला. तिला पहिल्यांदा त्याचाच राग आला, मग संपदाचा, मग प्राचार्यांचा. ज्याच्यावर दोष टाकता येईल असा प्रत्येक माणूस तिने आठवून पाहिला. पण मृणालचा तो शांत आवाज डोक्यातून जाईना. तो आवाज कुठून आला हे तिला पक्कं ठाऊक होतं. जेवणाच्या टेबलावर इतकी वर्षं तोच तर चालू होता.

समारंभ ठरल्याप्रमाणे झाला. थर्माकोलचे खांबही आले आणि फुग्यांची कमानही, ढोलही वाजला. प्रमुख पाहुणे कुणी मोठे अधिकारी होते. त्यांनी आपण किती गरिबीतून आलो ते इतका वेळ सांगितलं की कमानीतले दोन फुगे फुटले. मृणालने आभाराच्या भाषणात शाळा म्हणजे एक कुटुंब असं म्हटलं. संपदाने डोळे पुसले. खालच्या रांगांत युनिफॉर्ममधली काही मुलं बसली होती आणि टाळ्या वाजवत होती. अबोली त्यांत नव्हती.

नाव पुकारलं तशी वसुधा आणि जितेंद्र स्टेजवर गेले. मृणालने मान खाली केली. जितेंद्रने ठेवलेली टोपी घसरली, वसुधाने ती सरळ केली. तेवढ्या जवळून तिला मुलीच्या कपाळावरचं पावडरखालचं पुरळ दिसलं.

"आई, हस ना," मृणाल दबक्या आवाजात म्हणाली. "सगळे बघतायत."

वसुधा हसली. खाली उतरल्यावर संपदाने तिला मिठी मारली.

"किती छान झालं ना सगळं?"

"नाही झालं," वसुधा म्हणाली. "हा नियमच कोत्या मनाचा होता. आपल्यातल्या एकानेही तोंड उघडलं नाही. मीसुद्धा नाही."

संपदा गोंधळून हसली आणि कुणाला तरी भेटायला पुढे गेली. मृणाल दोन पावलांवर टोपी काढत उभी होती. तिने ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी झगे परत करायला वसुधा निघाली तर मृणाल न विचारता गाडीत येऊन बसली. दुकानदाराने झगे मोजून घेतले, एकावरचा पेस्ट्रीचा डाग दाखवून कुरकुर केली. परत फिरताना मृणाल म्हणाली, "रायसेन रोडने घे."

तो रस्ता अबोलीच्या घराकडचा. वसुधाने गाडी वळवली. आनंद नगरला गल्लीच्या तोंडाशी तिने गाडी थांबवली. मृणाल एकटीच उतरली. लांबून दिसत होतं: अबोली फाटकापाशी आली, फाटक उघडलं नाही. मृणाल बोलत होती, हातवारे करत, मग हातवारे थांबले. अबोलीने एकदाच मान हलवली. होकार की नकार, गाडीतून कळेना. मग ती आत गेली.

मृणाल येऊन बसली. सीटबेल्ट लावायला तिला वेळ लागला.

"आत ये म्हणाली नाही," ती म्हणाली. "म्हणाली, पेपर झाल्यावर बघू."

"बरं केलं तिने," वसुधा म्हणाली.

मृणालने झटकन तिच्याकडे पाहिलं. वसुधाने गाडी सुरू केली नाही. किल्ली हातात घेऊन ती त्या बंद फाटकाकडे बघत राहिली. मग दार उघडून खाली उतरली.

"तू कुठे?"

"अलकाकडे. मलाही दारातूनच परत पाठवेल कदाचित," वसुधा म्हणाली. "तू बस इथे."