आधीच पेटलेल्या पेशी

प्रयोगशाळेत कायमची जागा एकच होती आणि उमेदवार दोन: चिमणी आणि दादा. दादा काही तिचा सख्खा भाऊ नव्हे. पण पिपेट धरायला त्यानेच शिकवलं होतं आणि तिच्या डब्यातला मोठा वाटाही तोच हक्काने खायचा. अशा माणसाशी कसली स्पर्धा, असं ती म्हणायची. भाबडी होती, दुसरं काय!

तिचं काम एका प्रथिनावर. पेशी शांत असली की हे प्रथिन केंद्रकाबाहेर जखडलेलं असतं. जंतूंची चाहूल लागताच निरोप पोचवणारी दुसरी प्रथिनं त्याला मोकळं करतात. मग ते केंद्रकात घुसतं आणि दाहाची जनुकं भराभर चालू करतं. चिमणीचं औषध त्याला दारातच अडवायचं. तिने प्रथिनाला हिरवा रंग चढवला होता. केंद्रक हिरवं दिसलं, की दाह सुरू.

पंचाईत अशी, की काहीच न दिलेल्या पेशींची केंद्रकंही हिरवट दिसत.

"कॅमेऱ्याची चमक आहे गं ती. चित्रांतला उजेड कमी कर," दादा म्हणाला होता. तिने केला आणि चित्रं झकास दिसू लागली.

निवडीच्या बैठकीत प्रमुख बाईंनी मूळ चित्रं मागितली. पडद्यावर हिरवंच हिरवं.

"या पेशींना तू काहीच दिलं नव्हतंस ना? मग या आधीच पेटलेल्या कशा? या चित्रांवर तुझ्या औषधाचं काय मानायचं मी?"

चिमणीने सवयीने दादाकडे पाहिलं.

"सीरम खराब आहे तिचं," तो लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाला. "पेशींना खायला घालतो ना, ते. त्या खेपेत जंतूंचं विष आहे. मी तपासलं होतं, म्हणून तर माझी खेप केव्हाच बदलली."

परक्याने असं केलं असतं तर चिमणी भांडली असती. आपल्या माणसाशी भांडायचं कसं, हेच तिला कळेना.

"दादा, तुझ्या उरलेल्या बाटल्या तूच आणून दिल्यास मला. मी तुला थँक्यू म्हटलं होतं रे."

"खरं का?" बाईंनी विचारलं.

"टाकवेना हो," दादा म्हणाला. "म्हटलं, कुणाच्या तरी कामी येतील."

बाईंनी घड्याळ पाहिलं आणि पुढचं सादरीकरण सुरू करायला सांगितलं. ते दादाचंच होतं.