सहा तोंडं आणि एक पाय

मित्रांनो, मी एक जुना तक्ता आहे. हाडांच्या वॉर्डात, दाराजवळच्या खिळ्याला मी अकरा वर्षं लटकत होतो. माझ्यावर सहा तोंडं काढलेली आहेत. डावीकडचं पहिलं हसतं, उजवीकडचं शेवटचं ढसाढसा रडतं आणि मधली चार हळूहळू उतरत जातात. प्रत्येकाखाली आकडा आहे, शून्यापासून पाचपर्यंत. सिस्टरने मला खिळ्यावरून काढून पेशंटसमोर धरायचं, पेशंटने आपल्या दुखण्याला शोभेल अशा तोंडावर बोट ठेवायचं आणि सिस्टरने तो आकडा कागदावर लिहायचा. हे काम फार शास्त्रीय आहे असं सगळ्यांना वाटत असे. मला स्वतःला तसं एक दिवसही वाटलं नाही.

माझा जन्मच मुळी घाईगडबडीत झाला. एका छापखान्याच्या मागच्या खोलीत दुकानांच्या पाट्या रंगवणारा एक चित्रकार बसायचा. त्याने बशी पालथी घालून सहा गोल काढले. तिसऱ्या गोलापर्यंत आला तेव्हा जेवायची वेळ झाली होती, म्हणून त्याने तोंडाच्या जागी एक आडवी रेघ ओढली आणि तो उठला. त्या रेघेला पुढे अकरा वर्षं चांगली शिकलीसवरलेली माणसं 'मध्यम वेदना' म्हणत आली. गंमत म्हणजे त्या दिवशी चित्रकाराची दाढ ठणकत होती. एका हाताने गाल दाबून तो दुसऱ्या हाताने काम करत होता. पण गालावरचा तो हात त्याने मला काही दिला नाही. माझ्या एकाही तोंडाला हात नाही, खांदा नाही, पाय नाही. माणूस दुखण्याने कसा वळतो, काय घट्ट धरतो, श्वास कुठे अडवतो, यातलं मला काहीच दाखवता येत नाही.

तरी वॉर्डात आलो त्या दिवशी माझं केवढं कौतुक झालं! मोठे डॉक्टर म्हणाले, "आता अंदाजपंचे काही नको. आकडा पाहिजे." त्या दिवसापासून वॉर्डातल्या लोकांनी पेशंटकडे बघणं सोडलं. डोळे दिलेत देवाने, पण ते कागदावर ठेवायला.

मित्रांनो, तुम्हाला रस्त्यात कोणी "काय, बरं आहे ना?" असं विचारलं तर तुम्ही काय सांगता? "बरं आहे" म्हणता. घरी पोटात कळा येत असल्या तरी "बरं आहे" म्हणता आणि पुढे जाता. माझ्यासमोरही हेच चालायचं. सकाळी मोठे डॉक्टर राऊंडला आले की अख्खा वॉर्ड उठून बसायचा, केसांवरून हात फिरवायचा आणि हसऱ्या तोंडांवर बोटं ठेवायचा. डॉक्टरांना रडकं तोंड दाखवणं त्यांना वाईट वागणूक वाटायची. डॉक्टर गेले की तीच माणसं उशीत तोंड खुपसायची. कागदावर मात्र शून्य, एक, एक, शून्य. मोठे डॉक्टर खूश.

मध्यंतरी एक व्याख्याते येऊन गेले. माणसाचे हावभाव कसे वाचावेत यावर ते दोन तास बोलले. हाताची घडी घातली म्हणजे माणूस काहीतरी लपवतो, नजर चुकवली म्हणजे खोटं बोलतो, असं त्यांनी शिकवलं. दुसऱ्या दिवशी सिस्टरने सात नंबरच्या बाईंच्या कागदावर लिहिलं, 'पेशंट सहकार्य करत नाही'. बाईंनी हाताची घडी घातली होती हे खरं. त्यांच्या डोक्यावर पंखा गरगरत होता आणि पांघरूण पातळ होतं. त्या बिचाऱ्या कुडकुडत होत्या, आणि एवढं साधं समजायला कोणाला दोन तासांचं व्याख्यान पुरलं नाही.

त्याच आठवड्यात चार नंबरच्या खाटेवर एक गवंडी आला. पन्नाशीचा माणूस, परांचीवरून पडलेला. नडगीचं हाड मोडलं होतं. पाय गुडघ्याच्या वरपर्यंत प्लास्टरमध्ये घालून खाटेवर ठेवला होता. सोबत त्याची मुलगी होती. तिचे दिवस भरत आले होते, तिला स्टुलावर धड बसताही येत नव्हतं. त्याच्या शेजारच्या पोराने राऊंडच्या वेळी शेवटच्या तोंडावर बोट ठेवलं होतं, तेव्हा मोठे डॉक्टर हसून म्हणाले होते, "एवढ्याशा फ्रॅक्चरला पाच? मग बायकांनी बाळंतपणात काय करायचं?" सगळा वॉर्ड हसला. गवंडी हसला नाही. त्याने मुलीकडे पाहिलं.

सिस्टरने मला त्याच्यासमोर धरलं. "काका, कोणतं?"

त्याने दुसऱ्या तोंडावर बोट ठेवलं. एक.

"शहाणे पेशंट," मोठे डॉक्टर म्हणाले आणि पुढे गेले.

मी त्याच्या अगदी समोर होतो. बोट ठेवताना त्याचं नख पांढरं पडलं होतं, इतका जोर त्या बोटात होता. ओठ हसत होते आणि कपाळ घामाने भिजलं होतं. हे दिसायला काही विद्या लागत नाही. पण सिस्टर माझ्याकडे बघत होती, मोठे डॉक्टर कागदाकडे बघत होते आणि मुलगी डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत होती.

वॉर्डात एकच माणूस माझ्याकडे ढुंकूनही बघत नसे. ती फरशी पुसणारी मावशी. तिला माझे आकडे वाचता येत नव्हते, हे माझ्या मते तिचं भाग्य. दुपारी ती चार नंबरखालून फडकं फिरवत होती. तिने मान वर केली तर प्लास्टरमधून बाहेर आलेली पायाची बोटं नेमकी तिच्या नाकासमोर. ती थांबली.

"दादा, सकाळी तुम्ही बोटं हलवत होता. आता का नाही हलवत?"

"कंटाळा आला," गवंडी म्हणाला.

"आणि हा खाटेचा दांडा का असा धरलाय?"

"असंच. मावशी, तू तुझं काम कर ना. पोरगी बसलीय."

मावशीने ओल्या हाताने त्याचा अंगठा हळूच वर उचलला. गवंडी ओरडला नाही. त्याने फक्त दांडा इतक्या जोरात ओढला की सगळी खाट हलली. मावशी फडकं तिथेच टाकून सिस्टरकडे गेली.

"सिस्टर, चार नंबरचा पाय बघा. बोटं गार पडलीत, फिकट झालीत. माणूस आतून तळमळतोय."

सिस्टरने कागद बघितला. "एक आहे त्याचा. सकाळीच विचारलंय."

"तो मुलीसाठी तसं म्हणतोय."

"मावशी, आता तुम्ही आम्हाला शिकवा," सिस्टर म्हणाली. पण मावशी काही हलेना, म्हणून तिने मला खिळ्यावरून काढलं, चार नंबरवर आली आणि मला पुन्हा त्याच्यासमोर धरलं. पायाला हात लावला नाही. मुलीकडे एकदा बघून गवंड्याने पुन्हा त्याच तोंडावर बोट ठेवलं. "बघा," सिस्टर मावशीला म्हणाली आणि मला परत लटकवून गेली. त्या क्षणी मला माझीच किळस आली. मी मध्ये नसतो तर तिला त्या माणसाकडे बघावंच लागलं असतं.

मावशीने आणखी दोन तास दारोदार सांगितलं. शेवटी प्लास्टरच्या खोलीतला कंपाउंडर तिच्या कटकटीला कंटाळून आला, त्याने बोटांना हात लावला आणि पळतच मोठ्या डॉक्टरांना बोलवायला गेला. प्लास्टरच्या आत पाय सुजला होता आणि रक्त खाली जातच नव्हतं. प्लास्टर कापलं, पोटरीला लांब चीर द्यावी लागली. पाय वाचला. पाऊल मात्र कायमचं लुळं पडलं. परांचीवर चढणं संपलं.

मग मीटिंग झाली. चांगली दीड तास चालली. मावशीला आत कोणी बोलावलं नाही, ती बाहेरचा जिना पुसत होती. मीटिंगमध्ये ठरलं की सहा तोंडं कमी पडतात. वॉर्डात अकरा तोंडांचा रंगीत तक्ता आला. माझी रवानगी तपासणीच्या खोलीत झाली, कारण तिथल्या भिंतीचा पोपडा निघाला होता आणि तो झाकायला काहीतरी हवं होतं.

तीन महिन्यांनी गवंडी काठी टेकत त्या खोलीत आला. मुलगी खांद्यावर बाळ घेऊन मागे होती. मोठ्या डॉक्टरांनी कागदावरून मान वर न करता पेनाने माझ्याकडे दाखवलं. "हं काका, आता कोणतं?"

गवंड्याने डावीकडच्या पहिल्या तोंडावर बोट ठेवलं. पेन कागदावर टेकलं.

"डॉक्टर," मुलगी म्हणाली, "माझ्या वडिलांकडे बघा ना. भिंतीकडे काय बघता?"

ती मोठ्याने बोलली नाही. डॉक्टरांचा चेहरा उतरला. त्यांनी पेन ठेवलं, खुर्ची मागे सारली, खाली बसून गवंड्याची चप्पल काढली आणि ते पाऊल दोन्ही हातांत घेतलं. मग त्यांनी वर त्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि बराच वेळ पाहत राहिले.

"दुखतंय," गवंडी म्हणाला.

मित्रांनो, इतर जुन्या वस्तू शेवटी तुम्हाला सांगतात की आम्हाला जपा. मी तसलं काही सांगणार नाही. माझ्यावर धूळ बसली तर बसू द्या. पण तुमच्या घरात कोणी "बरं आहे" म्हणालं, तर हातातलं काम खाली ठेवा आणि त्याच्याकडे पाहा. तो काय धरून बसलाय ते पाहा. त्या माणसाचं पाऊल दुखण्याने गेलं नाही. तो समोर असताना सगळे माझ्याकडे बघत होते, म्हणून गेलं.