अडीच किलोंची फुंकर

"सकाळी एकशे बारा किलो चारशे ग्रॅम! आणि आता... एकशे नऊ किलो नऊशे!"

लाउडस्पीकर गरजला आणि गोदामात टाळ्यांचा कडकडाट झाला. काट्यावरून उतरलेला धिप्पाड ट्रकचालक लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. बाबांनी त्याच्या पोटावर आणखी एक फुंकर मारली.

"फूऽऽ! गेलं! अरे, वजन म्हणजे काय? मागच्या जन्मांचा साठा. डॉक्टर कापतो, मी उडवतो!"

लोक त्यांना फुंकरबाबा म्हणत. बाबांना स्वतःला मात्र खुर्चीतून उठायला दोन शिष्यांचे खांदे लागत. त्याचंही उत्तर तयार होतं. भक्तांचं उडालेलं वजन कुठेतरी बसणारच ना, ते बाबा आपल्या अंगावर घेत! यावर कोणी हसत नसे. हसण्याच्या मनःस्थितीत तिथे होतंच कोण? सगळे उपाय करून थकलेली, दर वेळी घरच्यांची बोलणी खाऊन आलेली माणसं ती.

त्या रांगेत धाकटीही होती.

ती आणि तिची थोरली जाऊ, दोघींचं पोट लहान करण्याचं ऑपरेशन एकाच दवाखान्यात, एकाच आठवड्यात झालं होतं. त्याला आता दीड वर्ष झालं होतं. थोरलीचं वजन अठ्ठेचाळीस किलोंनी उतरलं, धाकटीचं एकतीस किलोंनी, आणि मग काटा जो थबकला तो हलेचना. सासूबाई येईल त्या पाहुण्याला सांगत, "डॉक्टर एक, ऑपरेशन एक. मग फरक का? ही चोरून खात असणार, दुसरं काय!"

धाकटी चोरून खात नव्हती, चोरून रडत होती. तिच्या आईची दृष्टी साखरेच्या आजाराने गेली होती, आणि मग एक पायही. तोच आजार तिलाही जडला होता. ऑपरेशन वाया गेलं, आता आपलीही पाळी येणार, हे तिच्या मनाने घेतलं होतं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. इथे तर लाउडस्पीकर लावून काडी वाटली जात होती.

बाबांचा नियम साधा होता. सकाळी आल्या आल्या मंतरलेलं पाणी प्यायचं, तब्बल दोन लिटर. मग काटा. मग बंद गोदामात घोंगडी पांघरून बसायचं, मधूनमधून कडू पाणी घ्यायचं, पोट मोकळं करून यायचं. संध्याकाळी फुंकर, आणि पुन्हा काटा.

धाकटीची तिथेच पंचाईत झाली. ऑपरेशननंतर पोट उरलं होतं केळ्याएवढं. चार घोटांत ते तुडुंब भरलं. शिष्याने पेला पुन्हा तोंडाला लावला तेव्हा तिला उलटीच झाली. संध्याकाळी सगळ्यांचं वजन दोन-अडीच किलोंनी उतरलं, तिचं जेमतेम पाचशे ग्रॅमनी.

बाबा माइकवर गरजले, "हिच्या पोटात अश्रद्धा आहे! सुरी लावलेलं पोट माझं पाणी झिडकारतंय! सात दिवस अन्न बंद, डॉक्टरच्या ताकदीच्या गोळ्या बंद, पाण्याचा फक्त ओठांना स्पर्श. तरच सुटशील!"

शेकडो डोळे तिच्याकडे वळले. धाकटीने मान खाली घालून हात जोडले.

घरी तिने कोणाला काही सांगितलं नाही. जेवणाचं ताट भरून घ्यायची आणि गुपचूप परत ठेवायची. तिसऱ्या दिवशी पायांना मुंग्या आल्या, डोळ्यांपुढे एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या. चौथ्या दिवशी ती मोरीत कोसळली.

थोरली धावली. "अगं, काय करून घेतलंस हे?"

"ताई, माझे एकतीसच गेले हो," एवढंच धाकटी पुटपुटली.

दवाखान्यात सलाइन लागलं, जीवनसत्त्वांची इंजेक्शनं झाली. "आणखी दोन दिवस गेले असते, तर काही सांगता आलं नसतं," डॉक्टर म्हणाले. धाकटीला उभं राहता येऊ लागलं, तेव्हा आहारतज्ज्ञ मॅडम तिच्याजवळ येऊन बसल्या. त्यांनी न रागावता सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"पाणी आधी पाजतात, की काटा आधी?"

"पाणी आधी."

मॅडमनी तिला हाताला धरून काट्यावर उभं केलं. पाण्याने भरलेली दोन लिटरची बाटली तिच्या हातात दिली. आकडा दोन किलोंनी चढला. मग बाटली काढून घेतली. आकडा खाली.

"फू!" मॅडम म्हणाल्या. "बघा, मलाही जमलं."

थोरलीला हसू फुटलं. धाकटीला मात्र रडू आलं. "म्हणजे ते सगळे..."

"लिटरभर पाणी म्हणजे किलोभर वजन. सकाळी भरायचं, दिवसभर घाम, लघवी आणि जुलाबांतून काढायचं. चरबी आहे तिथेच. तुमच्या पोटात पाणी मावलं नाही, म्हणून तुमच्यावर चमत्कार चालला नाही."

"पण मॅडम, ताईंचे अठ्ठेचाळीस आणि माझे..."

"त्या सुरुवातीला किती होत्या?"

"दीडशे," थोरली म्हणाली.

"आणि तुम्ही शंभर. दीडशेतून अठ्ठेचाळीस, म्हणजे दर शंभराला बत्तीस. तुमचे शंभरातून एकतीस. आता सांगा, कोण मागे पडलं? दीड वर्षाने वजन थांबतंच, बहुतेकांचं थांबतं. बरं, साखरेच्या गोळ्या?"

"त्या तर डॉक्टरांनीच केव्हाच्या बंद केल्या. तपासणीत साखर ठीक येते."

"मग हे घरात कोणी मोजलंच नाही वाटतं?"

थोरलीने जावेचा हात घट्ट धरला. "सासूबाईंचं मी बघते," ती म्हणाली.

पुढच्या बैठकीला दोघी जावा गोदामात हजर होत्या. तोच ट्रकचालक पाण्याच्या पिंपाशी उभा होता. धाकटी त्याला म्हणाली, "दादा, आज आधी काट्यावर चढा, मग पाणी प्या आणि पुन्हा चढा."

शिष्य आडवा आला. "ओ बाई! नियम आहे, आधी पाणी!"

"फुंकरीत दम आहे ना? मग पाण्यावर का अडताय?" थोरली कडाडली.

ट्रकचालकाने शिष्याला बाजूला सारलं. काट्यावर एकशे दहा किलो चारशे. दोन लिटर पाणी प्यायल्यावर एकशे बारा किलो चारशे. रांगेतले लोक आकडा बघायला पुढे सरसावले.

"काट्याला अश्रद्धेची नजर लागली!" बाबा ओरडले.

"काट्याला नजर लागत नाही बाबा, श्रद्धाही नसते," धाकटी म्हणाली. "जेवढं ठेवाल तेवढं तो सांगतो."

वाचकहो, खोटं वाटलं तर घरच्या काट्यावर स्वतः करून पाहा. आणि कोणी चमत्कार मोजून दाखवू लागला, तर तीन गोष्टी जरूर विचारा: पहिलं माप कधी घेतलं, त्या वेळी पोटात काय होतं, आणि तुलना कोणाची कोणाशी केली? विचारल्याने खरा उपाय पळून जात नाही. पळतो तो खोटा.

फुंकरबाबा त्या दिवशी पहिल्यांदाच कोणाचाही खांदा न घेता उठले आणि मागच्या दाराने निघून गेले. पण टाळ्या वाजल्या नाहीत. ट्रकचालक जमिनीवर बसला होता.

"ताई," तो म्हणाला, "हेही खोटं निघालं. आता मी कुठे जाऊ?"

धाकटी त्याच्याशेजारी बसली.

"वजन कमी होतं, दादा. हळू होतं, मध्येच थांबतं, कधी थोडं वाढतंही. पण जातं ते खरं जातं. उद्या सकाळी दवाखान्यात या. मी दाराशी उभी असेन."

अर्धी रांग पांगली होती. उरलेली अर्धी अजून पिंपापाशी पेले घेऊन उभी होती, बाबा परत येतील या आशेवर. धाकटी उठली, आणि रांगेतल्या शेवटच्या बाईपासून तिने बोलायला सुरुवात केली.