खाडीकडच्या भिंतीचा साक्षीदार

मी एक जुना ओळंबा आहे, मित्रांनो. तुमच्यापैकी किती जणांनी मला पाहिलं असेल, कोण जाणे! भोवऱ्यासारखा पितळी गोळा, डोक्यातून निघालेली दोरी आणि त्या दोरीत ओवलेला लाकडी ठोकळा, एवढाच माझा संसार. गवंडी ठोकळा भिंतीला वर टेकवतो आणि मला खाली सोडतो. भिंत सरळ असली की मी तिला हळूच शिवून उभा राहतो. ती झुकली असली की तिच्यापासून लांब लटकतो. मला बोलता येत नाही. पण खोटं लटकताही येत नाही.

पनवेलच्या एका लेथवाल्याने मला पितळेच्या दांड्यातून कातलं. काशिराम गवंड्याने पहिल्या मजुरीतून मला घेतलं आणि थापीशेजारी पिशवीत जागा दिली. दसऱ्याला तो मला चिंचेने घासायचा, झेंडूचं फूल वाहायचा. गव्हाण गावात म्हणायचे, "काशिरामची भित म्हंजे केसाचा फरक नाय!" ते ऐकून माझी दोरी ताठ व्हायची. पुढे लेझरची यंत्रं आली, शेजारच्या उलव्यात ढगांना शिवणाऱ्या इमारती उठल्या आणि मी पिशवीच्या तळाशी गेलो. त्याचं दुःख मी गिळलं. पण एक धास्ती पंचवीस वर्षं माझ्याबरोबर होती, ती काही गिळता आली नाही.

त्याचं असं झालं. मिठागरात राबणाऱ्या दाजींनी खाडीजवळ, भराव टाकलेल्या जागेत घर काढलं. काशिरामने स्वतःच्या अंगावर घेतलेलं ते पहिलं काम. पाया सहा फूट खणायचा होता. तीन फूट खणला आणि उधाणाचं पाणी खालून पाझरून वर आलं. पायाभरणीचा नारळ हळदीकुंकवासकट त्या पाण्यावर तरंगू लागला. सगळे थबकले. मग कुणीतरी ओरडलं, "अरं, खारीनं नारल घेतला!" नारळी पुनवेला दर्याला नारळ देणारी ती माणसं, त्यांना ती खारी, म्हणजे खाडी, प्रसन्न झाल्यासारखंच वाटलं. बायांनी गाणं उचललं:

खारीच्या गो काठी, घर मांडिलं नवं
पायातला नारल, पान्यावरी धावं

मुहूर्त टळत होता. त्या गाण्यापुढे नवशिक्या गवंड्याने 'थांबा' कसं म्हणावं? काशिरामने पाणी उपसलं आणि तिथेच, तीन फुटांवर, काँक्रीट ओतलं.

आता दाजी नाहीत. त्यांची बायको वेणू आणि मुलगा प्रणित त्या घरात राहतात. प्रणितचं लग्न वैशाखात ठरलं, म्हणून वर मजला चढवायचा घाट घातला. नवीन पनवेलहून पद्मजा नावाच्या इंजिनीअरबाई फाईल घेऊन आल्या. जुन्या गवंड्याला बोलावणं गेलं, आणि पिशवीतून मीही गेलो.

"म्याडम, आमच्या आलीन शेजारी सगल्यांनी मजला चढवलाय," प्रणित म्हणाला. "आमालाच येवरे कागद कशाला?"

"विमानतळ जवळ आहे, उंचीची परवानगी लागतेच. आणि त्याआधी हे घर वरचा लोड पेलेल, असं मला सही करून द्यायचंय. काका, पाया किती खोल घेतला होता?"

काशिरामने नजर दाराबाहेर वळवली. मग म्हणाला, "सा फूट."

मी पिशवीत गारठलो, मित्रांनो. ज्याने मला इतकी वर्षं सरळ धरलं, तोच वाकडं बोलला होता.

त्याने मला बाहेर काढलं आणि रस्त्याकडच्या भिंतीला सोडलं. मी भिंतीला शिवलो. "बगा, केसाचा फरक नाय," तो म्हणाला आणि घाईघाईने दोरी गुंडाळू लागला. प्रणित खूश झाला, मोबाइलवर वरच्या लाद्यांचा खर्च मांडू लागला. खाडीकडच्या भिंतीकडे काशिराम वळलासुद्धा नाही. मला ओरडावंसं वाटत होतं; पण पितळेला कुठला गळा!

एवढ्यात वेणू चहा घेऊन आली. हसत म्हणाली, "भित सरल आसंल, पन माजी लादी लबाड हाय. कुठूनबी पुसा, पानी खारीकडल्या माडाच्या कोपऱ्यान धावतं. मालकाला खारीची ओढ व्हती, तशी घरालापन हाय!"

"आये, म्याडमसमोर कायपन काय बोलतंस!"

पद्मजाबाई हसल्या नाहीत. त्यांनी कप खाली ठेवला. "काका, माडाकडच्या भिंतीला ओळंबा लावा."

बाहेर, खाडीच्या बाजूला, काशिराम शिडीवर चढला. ठोकळा वर टेकला. मी खाली आलो, झुललो, डोललो आणि हळूहळू थांबलो. माझ्या आणि भिंतीच्या मध्ये दोन बोटं उजेड होता. रस्त्यावरून भरावाचा डंपर गेला, जमीन हादरली, मीही थरथरलो. पण ती दोन बोटं काही मिटली नाहीत.

काशिराम शिडीच्या पायरीवरच बसला. "वयनी, पाया तीनच फूट हाय. पानी लागलं, मी थांबलो. दरसाल या वाटेनं येऊन भित बगतो नि तोंड चुकवून जातो."

"नि ह्ये आता सांगताव, काशिरामनाना?" प्रणित उसळला. "लग्न चार महिन्यांवर आलंय! पोरीकडच्यांना काय तोंड दावू?"

सगळे वेणूकडे बघत होते. ती मात्र माझ्याकडे, त्या दोन बोटांकडे बघत होती. मग तिने चहाचा कप काशिरामपुढे सरकवला.

"च्या घ्या, निवतंय. तुमी गप ऱ्हायला असताव तर माजी सून त्या वजनाखाली निजली असती. नि एकट्याचं काय चुकलं? नारल तवाच सांगत व्हता. आमीच गानी गात बसलो."

वरचा मजला रद्द झाला. आधी खाडीकडचा पाया बळकट करायचा, मग रस्त्याकडच्या घट्ट जमिनीवर पत्र्याची एक हलकी खोली काढायची. दोन्हींचे अर्ज पद्मजाबाईंनी लिहून दिले. प्रणित आठ दिवस रुसला. शेवटी त्याने नवरीला, दिपिकाला, फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग घाई कुनाला हाय?" लग्न मार्गशीर्षावर गेलं.

मला मात्र काशिरामने परत नेलं नाही. खाडीकडच्या भिंतीला खिळ्यावर मी लटकतो आहे. माझ्या टोकाखाली जोत्याच्या कडेवर पद्मजाबाईंनी पेन्सिलीची फुली काढली आहे. घर आणखी झुकलं तर माझं टोक फुलीवरून सरकेल. सकाळी वारा पडलेला असताना वेणू येते, वाकून बघते आणि मगच चूल पेटवते. परवानगी अजून यायची आहे. डंपर जातो तेव्हा माझा जीव अजून दोरीला येतो. आजपर्यंत मी फुलीवरच आहे.

मित्रांनो, घरावर मजला चढवण्याआधी पायाची चौकशी करा. आणि ज्याने तो बांधला तो मान खाली घालून खरं सांगू लागला, तर त्याच्यावर धावून जाऊ नका. त्याला आधी चहा द्या. काशिराम आता दर रविवारी येतो, फुली बघतो. पण येताना तो तोंड चुकवत नाही; पुढच्या दारातून येतो.