खंडेनवमीला मला उपवास घडला

मित्रांनो, मी एक जुना, पोचे पडलेला कॅन आहे. कॅन म्हटल्यावर तुम्हांला दुधाचा कॅन आठवला असेल. माझा चेहरा तसाच आहे, पण माझ्या पोटात दुधाचा थेंब कधी पडला नाही. माझ्या पोटात असतो द्रवरूप नायट्रोजन. तो इतका थंड, की त्याच्यापुढे तुमच्या फ्रिजमधला बर्फ म्हणजे कढत पाणी. एवढे मला पक्के ठाऊक आहे. बाकी जन्मभर माझ्याभोवती जे चालले, त्यातले निम्मे मला कळलेच नाही. तेव्हा माझी कहाणी ऐकताना तुमचा गोंधळ उडाला तर माझ्यावर रागावू नका, कारण माझाही उडालेलाच आहे.

चाकणच्या एका कारखान्यात मी तयार झालो. एका भांड्यात दुसरे भांडे बसवतात आणि मधली सगळी हवा काढून घेतात, म्हणजे बाहेरची ऊब आत शिरत नाही. माझी पहिली नेमणूक राजगुरुनगरच्या पुढे, गुरांच्या दवाखान्यात झाली. तिथले पशुधन पर्यवेक्षक उद्धवराव मला मोटरसायकलला बांधून गावोगाव नेत. माझ्या पोटात बारीक नळ्या असत आणि त्या नळ्यांत जातिवंत वळूंचे बीज. उद्धवराव एखाद्या गोठ्यात एक नळी वापरत आणि नऊ महिन्यांनी तिथे वासरू उड्या मारू लागे. बायाबापड्या माझ्याकडे बोट दाखवून म्हणत, "ह्या कॅनातलं हाय बरं का ते वासरू." मी नुसता फुगून जाई. आपल्या पोटात जे ठेवतात त्यातून पुढे कोणीतरी जन्माला येते, असे माझे तेव्हापासून ठाम मत झाले.

एकदा खडीच्या उतारावर मोटरसायकल घसरली आणि मी दोन कोलांट्या खाल्ल्या. बाहेर एक पोचा आला, तो सगळ्यांनी पाहिला. आत काहीतरी सैल पडले, ते कोणाला दिसले नाही. पूर्वी महिनाभर टिकणारा नायट्रोजन आता पाच दिवसांत उडून जाऊ लागला. मला तोंड आहे, पण ते भरण्यापुरते, बोलण्यापुरते नाही. पुढे दवाखान्यात नवा कॅन आला, उद्धवराव निवृत्त झाले आणि भंगारात जाता जाता त्यांनी मला चिंचवडला आपल्या घरी आणले. तीन वर्षे मी त्यांच्या गॅलरीत उभा होतो. माझ्या डोक्यावर मनीप्लँटची कुंडी होती. फार वाईट दिवस होते ते.

उद्धवरावांची मुलगी तेजस्विनी चिंचवडच्याच एका रुग्णालयात डॉक्टर आहे. सगळे तिला डॉक्टरताई म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. डॉक्टरताई रक्ताच्या कर्करोगावर संशोधन करतात. त्यांना नमुने ठेवायला जादा कॅन हवा होता. त्यांनी मला धुऊन, तपासून प्रयोगशाळेत नेले आणि 'दर चौथ्या दिवशी भरणे' अशी चिठ्ठी डकवली. आता माझ्या पोटात वळूंच्या नळ्यांऐवजी माणसांच्या रक्ताच्या इवल्याशा कुप्या आल्या. मी चक्रावलो. यांतून माणसे जन्मणार की काय?

तिथेच मी ज्ञानेशला पहिल्यांदा पाहिले. तो परभणीकडचा, सव्वीस वर्षांचा, चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत कामाला. बरोबर त्याची मोठी बहीण दिपाली होती. डॉक्टरताई त्याला समजावत होत्या, "हाडांच्या आत जो गर असतो ना, तिथं रक्त तयार होतं. तुझा तो गर बिघडलाय. औषधांनी आम्ही तो साफ रिकामा करणार आणि तुझ्या ताईच्या मूळपेशी शिरेतून सोडणार. त्या तिथं रुजल्या की त्याच तुझं रक्त बनवतील."

"म्हणजे अंग माझं अन् रक्त ताईचं?" ज्ञानेश म्हणाला.

"हो."

"मग मी कोण म्हणायचा, मॅडम?"

दिपालीने त्याला चापट मारली. "आधी जित्ता राहा, मग ठरवू आपण."

डॉक्टरताई हसल्या, पण मला त्याचा प्रश्न अगदी रास्त वाटला.

जानेवारीत ते प्रत्यारोपण झाले. पेशी रुजल्या. महिने गेले आणि ज्ञानेशचा रक्तगटच बदलला! कंपनीच्या ओळखपत्रावर बी, तपासणीच्या कागदावर ओ. तो डोके खाजवत आला. "मॅडम, एचआरचे साहेब म्हणतात, कार्ड खोटं का माणूस खोटा ते एकदा लिहून आण." डॉक्टरताईंनी हसत हसत पत्र लिहून दिले. मी मात्र दिवसभर विचार करत बसलो आणि काही सुधरेना.

मित्रांनो, एवढ्यावर भागले असते तर मी ही गोष्ट सांगितलीच नसती. प्रत्यारोपणानंतरही काही जणांचा आजार परततो. त्याची चाहूल लवकर कशी घ्यावी आणि ती लागली तर आजाराशी लढायला बहिणीभावाच्या राखून ठेवलेल्या पेशी किती थोड्या द्याव्यात, हेच तर डॉक्टरताई शोधत होत्या. काही माणसे त्यांनी सावरली. काही नावांच्या कुप्या माझ्या पोटात तशाच राहिल्या आणि ती माणसे पुन्हा आली नाहीत. त्या कुप्यांचे काय करायचे असते, मला अजून कळलेले नाही.

ऑक्टोबरमध्ये ज्ञानेशच्या रक्तात जुन्या, आजारी पेशी पुन्हा डोकावू लागल्या. दिपालीच्या राखीव पेशी द्यायच्या ठरल्या. त्या चार कुप्यांत होत्या, आणि नव्याने घेण्याची सोय नव्हती, कारण दिपालीला तेव्हा पाचवा महिना होता. नेमकी त्याच आठवड्यात रुग्णालयाची मोठी टाकी दुरुस्तीला निघाली आणि त्या चारही कुप्या तात्पुरत्या माझ्या पोटात आल्या. डोस दसऱ्यानंतर द्यायचा होता. ज्ञानेशची सगळी भिस्त माझ्यासारख्या खिळखिळ्या कॅनावर!

मला भरण्याचे काम कोंडाजीकाकांकडे होते. काका चऱ्होलीचे. रुग्णालयात येण्याआधी त्यांची तीस वर्षे एका वर्कशॉपमध्ये लेथ यंत्रावर गेली होती. आपल्या या पट्ट्यात खंडेनवमीला प्रत्येक कारखान्यात यंत्रांची पूजा होते, हे तुम्ही पाहिलेच असेल. यंत्र पुसतात, हार घालतात आणि त्या दिवशी त्याला राबवत नाहीत. काकांनी मलाही न्हाऊमाखू घातले. पोच्याला हळदकुंकू लावले, गळ्यात झेंडूचा हार घातला, समोर नारळ फोडला. नर्स योगिनीने विचारले, "काका, आज हा भरायचा दिवस आहे ना?"

"आज हत्याराला हात लावायचा न्हाई, पोरी," काका म्हणाले. "आमच्या कंपनीत लेथसुद्धा गप बसायचा आजच्या दिशी. वरीसभर राबतोय बिचारा. परवा येऊन भरतो की काठोकाठ."

एवढ्या मायेने माझ्याशी आजवर कोणी वागले नव्हते. आणि त्याच मायेपायी माझ्या पोटातला नायट्रोजन उतरत चालला होता. मला आनंद व्हावा की भीती वाटावी, तेच समजेना. दसऱ्याच्या दिवशी प्रयोगशाळा बंद होती. मी हार घालून एकटाच उभा होतो आणि मला दिपालीच्या त्या चार कुप्यांची लाज वाटत होती.

दुपारी डॉक्टरताई वॉर्डात फेरी मारायला आल्या, तेव्हा उद्धवराव त्यांच्याबरोबर होते. सगळ्यांना आपट्याची पाने देऊन झाल्यावर ते म्हणाले, "तेजू, जरा माझ्या जुन्या सोबत्यालाही सोनं देऊन येतो." डॉक्टरताईंनी प्रयोगशाळेचे कुलूप उघडले. उद्धवरावांनी माझ्या डोक्यावर पान ठेवले, हार नीट करायला हात लावला आणि दचकले. झेंडूची फुले दगडासारखी कडक झाली होती. माझ्या गळ्याभोवती पांढरे हिव धरले होते.

"अगं, हा गळतोय! गळ्याला हिव म्हणजे आतला माल चालला." त्यांनी माप घ्यायची पट्टी आत घातली, काढली आणि हवेत हलवली. तिच्यावर बर्फ चढला तो जेमतेम दोन बोटे, म्हणजे आत नायट्रोजन तेवढाच उरला होता. डॉक्टरताई नायट्रोजन आणायला धावल्या. त्यांनी स्वतः मला भरले. निरोप मिळताच कोंडाजीकाका नव्या सदऱ्यातच पळत आले आणि दारात उभे राहिले.

"ताई, माझ्या हातनं त्या पोराचं वाटोळं झालं का वो?"

"माहीत नाही, काका." डॉक्टरताईंनी हातमोजे चढवले. "एक कुपी उघडून बघावी लागेल."

चारांतली एक कुपी गेली. तिच्यातल्या थेंबात निळा रंग मिसळला. मेलेली पेशी निळी होते, जिवंत पेशी रंग घेत नाही. डॉक्टरताई सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून मोजत होत्या, काका भिंतीला टेकून डोळे मिटून उभे होते आणि मला तर मिटायला पापण्याही नाहीत. किती वेळ गेला कोण जाणे.

"शंभरात ऐंशी जिवंत आहेत," डॉक्टरताई म्हणाल्या आणि खुर्चीत बसून रडल्या. काकांनी हात जोडले. थोड्या वेळाने डॉक्टरताई त्यांना म्हणाल्या, "चूक माझीही आहे. मी तुमच्याकडून वहीत नुसत्या सह्या घेतल्या. आत काय आहे, ते कधी सांगितलंच नाही."

उरलेल्या तीन कुप्या ज्ञानेशला मिळाल्या. जानेवारीत त्या आजारी पेशी मागे हटल्याचा कागद आला. मला नोकरीतून काढले आणि डॉक्टरताईंच्या खोलीत दाराशी उभे केले. ज्ञानेशमधून कोणी जन्मते का, म्हणून मी नऊ महिने मोजायला बसलो. पण एप्रिलमध्येच दिपाली दीड महिन्याचे बाळ घेऊन आली आणि माझी मोजणी पार कोलमडली.

त्या दिवशी बाळाला पहिल्या लसी टोचायच्या होत्या. आणि मित्रांनो, ज्ञानेशलाही! त्याच लसी, धनुर्वाताची, डांग्या खोकल्याची. "नव्या रक्ताला लहानपणीचं काही आठवत नाही," डॉक्टरताई म्हणाल्या. "सगळं पहिल्यापासून." आधी बाळाला टोचले, ते ओरडले. मग मामाला टोचले, तोही ओरडला. दिपाली एकीकडे बाळाला थोपटत होती, दुसरीकडे भावाच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि रडता रडता हसत होती. दोघांतला नवा जन्मलेला कोण, ते मला आजही सांगता येणार नाही.

मला इतकेच उमगले आहे. मित्रांनो, आम्हां जुन्या वस्तूंना हार जरूर घाला, फुले मलाही आवडतात. पण हार घालण्याआधी एकदा झाकण उघडून पाहा. आत कोणीतरी असते.